गव्हावर संशय घेणारे डॉक्टर डिके

गव्हाची पोळी एखाद्याला बाधते असे सांगितले तर आजीला ते पटणार नाही. एके काळी डॉक्टरांनाही पटले नसते.

विलेम कारेल डिके यांचा जन्म १९०५ साली नेदरलँड्समध्ये झाला. १९३६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते हेग येथील मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथे सिलियाक आजाराची मुले येत. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, सतत जुलाब. कित्येक दगावत. कारण कुणालाच ठाऊक नव्हते. एका आईने डिके यांना सांगितले, की पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचे पुरळ जाते. दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेले असते. डिके यांनी ते लक्षात ठेवले आणि १९४१ मध्ये गहू वर्ज्य असलेल्या आहाराविषयी लेख लिहिला.

पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथे अन्नान्नदशा झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले मात्र सुधारली! शोध या उपासमारीतच लागला असे बऱ्याच ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. संशय आधीचा होता, तो फक्त बळावला.

युद्धानंतर डिके यांनी रसायनतज्ज्ञ वान डे कामर आणि डॉक्टर वाइयर्स यांच्यासह मुलांना आळीपाळीने गहू देऊन व बंद करून पाहिले आणि त्यांच्या शौचातील चरबी मोजली. (काम किळसवाणे खरे, पण पुरावा तेथेच होता.) गहू दिला की न पचलेली चरबी वाढे. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. दोष स्टार्चचा नसून चिकट ग्लूटेनचा, त्यातही ग्लायडिन या प्रथिनाचा, हे पुढे स्पष्ट झाले.

डिके १९६२ मध्ये वारले. आज ग्लायडिनचाच माग काढून सॉसेजमधला गहू पकडतात. मांस बांधून राहावे म्हणून त्यात पीठ किंवा पावाचा चुरा घालतात, तो डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत नमुना बारीक करून अल्कोहोलमिश्रित द्रवात ग्लायडिन उतरवतात. शिजवताना प्रथिने एकमेकांत गुंततात, म्हणून ती सोडवणारी रसायनेही घालावी लागतात. मग तो द्रव प्रतिपिंडे लावलेल्या छोट्या खळग्यांत टाकतात. शेवटी येणारा रंग जितका गडद, तितके ग्लायडिन जास्त. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन निघाले, तर पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापता येत नाही.