एका तबकडीवरची दोन नावे

ज्यांच्या घरी कधीकाळी चावीचा ग्रामोफोन होता, त्यांनी 'पतंगा' किंवा 'अलबेला' चित्रपटाची ७८ गतीची तबकडी हातात घेतली असेल, तर लेबलावरची एक गंमत त्यांच्या नजरेतून सुटली नसेल. गायक म्हणून छापलेले असते चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र. ही दोन वेगळी माणसे आहेत, असा समज कित्येक घरांत वर्षानुवर्षे होता. माणूस एकच. रामचंद्र नरहर चितळकर. ओळखीची माणसे त्यांना अण्णा म्हणत. शिवाय राम चितळकर, श्यामू, अण्णासाहेब अशी आणखीही नावे त्यांनी वेगवेगळ्या चित्रपटांना लावली. जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांना या नावांचा माग काढण्यात जो आनंद मिळतो, तो हिऱ्याच्या पुडीतून नेमका खडा वेचणाऱ्या आमच्या कतारगामच्या कारागिरालाच समजेल!

अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला झाला. गोदावरीकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे हे गाव. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी तिथे थांबते. वडील रेल्वेत नोकरीला, त्यामुळे बिऱ्हाड एका जागी स्थिर नव्हते. पोटासाठी गाव सोडून सुरतेत आलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांना या फिरस्तीचे नवल वाटणार नाही. गाण्याचे रीतसर शिक्षण अण्णांनी घेतले ते पुण्यात, विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात. म्हणजे पाया अस्सल ग्वाल्हेर परंपरेचा. पुढे त्यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या चालींवर नाके मुरडणाऱ्यांना याचा सोयीस्कर विसर पडत असे.

तरुणपणी त्यांना व्हायचे होते नट. १९३५ साली 'नागानंद' चित्रपटात नायकाची भूमिका मिळाली, पण तेवढ्याने नशीब उघडले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये लहानसहान कामे आणि तिथल्या संगीतकारांच्या हाताखाली पेटीची साथ. नायक व्हायला निघालेला मुलगा पेटीमागे बसला आणि तिथेच त्याला आपली वाट सापडली. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिले काम मात्र मिळाले तमिळमध्ये. 'जयकोडी' १९४० चा आणि 'वनमोहिनी' १९४१ चा. 'वनमोहिनी'चे दिग्दर्शक होते भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा आणि रेल्वेवाल्याचा तो मुलगा, अशी ही जोडी. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून ती हिंदीत नावारूपाला आली.

इथे थोडे मुंबईकडे वळायला हवे, कारण अण्णांच्या संगीतात जाझ कुठून आले याचे उत्तर तिथे आहे. १९३५ च्या अखेरीस ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे वादक मुंबईत वाजवू लागले. क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये मुंबईतच 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ही धून ध्वनिमुद्रित केली. रेक्स कंपनीची ती तबकडी आज फार थोड्यांकडे असेल. जगभरचे जाझचे शौकीन तिच्या शोधात असतात, आणि असे काही मुंबईत घडले होते हे मुंबईकरांनाच ठाऊक नसते.

या अमेरिकन मंडळींच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चच्या शाळेतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला शिकवत. ही मुले मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली. त्यांतला एक अँटोनियो झेवियर वाझ. हळदोण्याचा, जन्म १९१६ चा. ट्रंपेट असे वाजवी की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याने घेतलेले नाव होते चिक चॉकलेट. पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. दारूबंदी म्हणजे काय, हे आम्हा सुरतकरांना कोणी सांगायला नको. हॉटेलांतली रात्रीची वर्दळ ओसरली, वाद्यवृंदांची कमाई आटली आणि यातले बरेच वादक चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळले. त्यांची गरज ज्यांना सर्वांत आधी उमगली, त्यांत अण्णा होते.

काम कसे चाले, तेही सांगतो. अण्णा पेटीवर चाल बांधीत आणि गाऊन दाखवीत. वाद्यांचे तुकडे, दोन कडव्यांमधली जागा, कुठे सॅक्सोफोन, कुठे क्लॅरिनेट, हे कागदावर उतरवायचे काम अॅरेंजरचे. तो गोवेकर स्वरलिपीत प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून वादकांपुढे ठेवी. चिक चॉकलेट आणि जॉन गोम्स हे अण्णांचे असे साहाय्यक. अण्णांना स्वतःला बेनी गुडमनचा वाद्यवृंद फार आवडे. त्यातून १९४७ च्या 'शहनाई'तले रविवारी भेटीला बोलावणारे गाणे निघाले. त्यात चक्क शिट्टी आहे! १९५० च्या 'समाधी'त दक्षिण अमेरिकी ठेक्याचे 'गोरे गोरे' आले. १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके'साठी बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा ताफा एकत्र वाजला. आणि १९५७ च्या 'आशा'त 'ईना मीना डीका'. जाझमध्ये अर्थहीन शब्दांनी ताना घेण्याची जी रीत आहे, ती अण्णांनी हिंदीत आणली. किशोरकुमारचे एक आणि आशाबाईंचे एक अशी त्याची दोन रूपे आहेत, ती पाठोपाठ ऐकून पाहावीत. त्यातले माका नाका हे शब्द जॉन गोम्सनी सुचवले, असे सांगतात. कोकणीत त्याचा अर्थ मला नको. सगळा हिंदुस्थान ते गात नाचला आणि आपण कोकणी बोलतो आहोत, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

काही जाणकार ही गाणी म्हणजे अण्णांचा उथळ बाजार आणि १९५३ च्या 'अनारकली'तल्या लताबाईंच्या चाली म्हणजे खरे अण्णा, अशी वाटणी करतात. आम्हाला ती पटत नाही. 'अलबेला' घ्या. त्याच चित्रपटात एकीकडे ट्रंपेट आणि बोंगोचा धुमाकूळ आहे, दुसरीकडे लताबाईंच्या आवाजातली अतिशय शांत अंगाई आहे. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वेळी केली. आणि चाल नाचरी असो की संथ, ओळ कुठे वळेल ते विनायकबुवांकडे बसलेल्या कानानेच ठरवलेले असे.

हा वाद तेव्हाही होताच. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, तेही आपलेच मराठी, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि ज्यांना परवडे ते रेकॉर्ड विकत घेऊ लागले. गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर याच रेकॉर्ड लागत. एक पिन, एक बाजू, मग पिन बदला. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपे, म्हणून चित्रपटातले एखादे कडवे तबकडीवर नसे. मांडवात तबकडी उलटायला बसलेल्या पोराचा रुबाब कोणत्याही कार्याध्यक्षापेक्षा जास्त असे.

त्या लेबलांबद्दल एक सांगायलाच हवे. लाखेच्या तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कोणाचे नाव छापायचे, हे कंपनी ठरवी. चाळिशीच्या दशकात कित्येकदा गाणाऱ्याचेही नाव नसे. पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले जाई. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर कामिनी असे पात्राचे नाव होते. नंतर गायक आले, संगीतकार, गीतकार आले. वाजवणारे कधीच आले नाहीत. म्हणून अण्णांची दोन-दोन नावे एका तबकडीवर आणि चिक चॉकलेटचे एकही नाही, अशी स्थिती. त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदाच्या कोलंबियाच्या तबकड्या निघाल्या होत्या, त्यांवर तेवढे ते सापडते. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटला लोक त्या शोधत येतात ते यासाठीच.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी तापीतून शहरात शिरले, तेव्हा कतारगामातही तळमजल्यांवर पाणी चढले. आमच्या ओळखीच्या एका घरात लाकडी पेटीभर रेकॉर्ड होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तर वेष्टनांचा लगदा झालेला आणि बहुतेक लेबले सुटून आलेली. तबकड्या मात्र शाबूत! लाख पाण्याला भीत नाही. चिखल धुऊन आम्ही चार-पाच जण त्या वाजवत बसलो आणि कोणते गाणे ते वहीत लिहीत गेलो. लेबलाजवळ लाखेतच ठसवलेला आकडा असतो, तोही उतरवून घेतला. चितळकरांचा आवाज पहिल्या ओळीला ओळखू येई, शमशाद बेगमचा तर श्वासावरून. पण ट्रंपेट सुरू झाले की वहीतला तो रकाना रिकामा राही. पुराने काही नेले असे म्हणावे, तर तो रकाना लेबले होती तेव्हाही रिकामाच होता.

ज्यांच्या माळ्यावर अजून रेकॉर्ड असतील त्यांच्यासाठी जाता जाता एवढेच. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. सुरतेच्या उन्हात नेऊ नका, लाख वाकते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. साधे पाणी, थोडासा साबण आणि मऊ फडके पुरे, लेबल तेवढे कोरडे ठेवावे. आणि नव्या टर्नटेबलावर लाँगप्लेची सुई ७८ च्या खाचेत घालू नका, खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. भंगारात देण्याआधी लेबल वाचा. एचएमव्हीच्या गाण्यांच्या क्रमांकाआधी एन आणि कोलंबियाच्या आधी जीई असते. पडलेल्या चित्रपटांच्या तबकड्या मुळात कमी खपल्या, म्हणून आज त्याच दुर्मिळ.

अण्णांचे असे पडलेले चित्रपट पुष्कळ आहेत. १९५३ मध्ये त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही स्वतःची संस्था काढली. 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' हे तिचे चित्रपट, पण त्यांपैकी एकही 'अलबेला'च्या जवळपास गेला नाही. संगीतकार म्हणून मात्र त्याच काळात 'अनारकली', मग १९५५ चा 'आझाद', १९५९ चा शांतारामबापूंचा 'नवरंग' असे मोठे यश त्यांना मिळत होते. पुढे काळ पालटला, नवे संगीतकार आले, लताबाईंशी दुरावा झाला. त्याच्या कारणांची चर्चा खूप झाली आहे, आम्ही तीत भर घालत नाही. कवी प्रदीप यांनी चीनच्या युद्धातल्या जवानांवर गीत लिहिले, तेव्हा त्याला चाल दिली अण्णांनी आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर ते गायल्या लताबाईच. 'ऐ मेरे वतन के लोगो' दर राष्ट्रीय सणाला वाजते. त्याची चाल आणि 'ईना मीना डीका'ची चाल एकाच माणसाची, हे सांगितले की आमच्या मंडळातली तरुण मुले अजून विश्वास ठेवत नाहीत.

नंतर ते मराठीकडे आले. १९६६ चा 'धनंजय' आणि १९७० चा 'घरकुल' हे त्यांचे मराठी चित्रपट. 'घरकुल'ची गाणी आपल्या पिढीने लग्नकार्यांत, सहलींत मनसोक्त गायली आहेत. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आले. ते इतक्या मोकळेपणाने लिहिलेले आहे की काहींना अवघडल्यासारखे झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णा गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. चिक चॉकलेट त्यांच्या कितीतरी आधी, १९६७ मध्येच गेला होता.

'अलबेला' घरी पुन्हा लावाल तेव्हा 'दीवाना परवाना' या गाण्याशी थोडे थांबा. भगवानदादा आणि गीता बालीवरून नजर काढून मागे पाहा. झालरीच्या बाह्यांचे क्युबन सदरे घातलेला एक वाद्यवृंद दिसेल. तो भाड्याने आणलेल्या नटांचा नाही. ट्रंपेट हातात घेतलेला आहे तो चिक चॉकलेट.