शिवणाच्या खोलीतील शाळा : सारा शेनिरर

आज पोलंडमध्ये असलेल्या क्राकोव शहरात १९१७ साली कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईने आपल्या कामाच्या खोलीत पंचवीस लहान मुली जमवल्या आणि त्यांना त्यांच्याच धर्मग्रंथाचा अर्थ समजावून सांगायला सुरुवात केली. तिच्याजवळ कसली पदवी नव्हती की पैसा नव्हता. समाजातील वडीलधाऱ्यांनी तिला या कामावर नेमले नव्हते. तरीही पुढच्या अठरा वर्षांत या खोलीतून दोनशेहून अधिक शाळा निघाल्या. या बाईचे नाव सारा शेनिरर. ज्यू समाजात हे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे ऐकिवात नाही. दोन महायुद्धांमधल्या युरोपचा इतिहास वाचताना मला ते प्रथम भेटले आणि मग काही केल्या मनातून जाईना.

सारा शेनिरर यांचे मोठेपण समजण्यासाठी ज्यू लोकांच्या अध्ययनाची रीत थोडी माहीत हवी. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. ते आठवड्यांच्या हिशेबाने विभागलेले आहेत. दर आठवड्याला एक भाग सभास्थानात वाचला जातो, वर्षाअखेर वाचन पूर्ण होते आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. घरी अभ्यास करणारा माणूस आठवड्याचा भाग सात दिवसांत वाटून घेतो व रोज थोडा वाचतो. नुसते वाचून मात्र भागत नाही. अर्थ कळला पाहिजे. म्हणून अकराव्या शतकात फ्रान्समधील त्रुआ गावच्या रब्बी श्लोमो यित्झहाकी, म्हणजेच राशी यांनी लिहिलेले भाष्य सोबत असते. आधी हिब्रू शब्द, मग बोलीतला अर्थ, मग भाष्य, अशा क्रमाने पूर्व युरोपातला ज्यू मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की हेडर नावाच्या पाठशाळेत शिकू लागे. हसीदी घरांत याला आणखी एका गोष्टीची जोड असे. अठराव्या शतकात बाल शेम तोव यांच्यापासून निघालेल्या हसीदी पंथाने भक्तीला, आनंदाला, गाण्याला आणि रेब्बे म्हणजे गुरूच्या सहवासाला मोठे स्थान दिले. तिथे ग्रंथाचा अर्थ बुद्धीने समजून घ्यायचा, तसाच तो मनाला भिडलाही पाहिजे, अशी अपेक्षा असे.

हे सारे होते ते मुलांसाठी. मुलींना अध्ययनाची वाट बंद होती. मुलीला तोरा शिकवू नये असे एका प्राचीन रब्बींचे मत तालमूदमध्ये नोंदलेले आहे. त्याचा आधार घेऊन मुलींना प्रार्थना, घरातले आचार आणि यिडिश भाषेतील गोष्टीवजा पुस्तके एवढ्यावरच थांबवले जाई. जोवर मुली घराबाहेर पडत नव्हत्या तोवर हे चालून गेले. परंतु क्राकोव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीचे झाले. धर्मनिष्ठ बापांनी मुलांना कसेबसे हेडरमध्ये ठेवले आणि मुलींना बिनघोर पोलिश शाळेत पाठवले. मुलींना पोलिश कविता, कादंबऱ्या, इतिहास सारे येऊ लागले. पण घरात बाप आणि भाऊ जे मोठ्याने वाचत असत ते मात्र त्यांच्यासाठी बंदच राहिले. याचा परिणाम व्हायचा तो झाला. शिकलेल्या मुलींना आपल्या घराची लाज वाटू लागली. काही घर सोडून गेल्या. क्राकोवच्या मठांत जाऊन ख्रिस्ती झालेल्या ज्यू मुलींची प्रकरणे त्या काळात गाजली होती.

अशा काळात, १८८३ साली, एका हसीदी कुटुंबात साराचा जन्म झाला. घराणे बेल्झच्या रेब्बेंना मानणारे होते. पोलिश शाळेत ती हुशार होती, पण तिला विशेष ओढ होती ती धर्माच्या पाठाची. या ओढीमुळे वर्गातील मुली तिला हसीदी म्हणून चिडवत. वडिलांनी तिला एका ग्रंथाचे यिडिश भाषांतर दिले होते. खोक ले-यिस्राएल हा त्या ग्रंथाचा मूळ प्रकार. त्यात तोरा, संदेष्टे, मिश्ना यांतील उतारे रोजच्या रोज वाचण्यासाठी दिवसवार लावलेले असतात. इतर भावंडे खेळत असताना ही मुलगी तो ग्रंथ घेऊन बसे. भावांना जे गुरू शिकवत ते तिला अशा आडवाटेने मिळवावे लागले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शाळा सुटली आणि ती शिवणकामाला लागली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सारा ही बाहेरच्या जगाला तोंड फिरवून बसलेली मुलगी नव्हती. तरुणपणी ती पोलिश भाषेत रोजनिशी लिहीत असे, व्याख्याने ऐकायला जाई, नाटके पाहायला जाई. पोलिश शिक्षणाची गोडी काय असते हे तिला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. शिकलेल्या मुली वाईट चालीच्या आहेत असे तिने कधी म्हटले नाही. त्यांना कोणी काही समजावूनच सांगितलेले नाही, हे तिला दिसत होते. गिऱ्हाईक बायका कपड्याच्या एका चुणीसाठी किती चोखंदळ असतात आणि मनाच्या वस्त्राचा मात्र कोणी विचार करत नाही, असे तिला माप घेताना वाटे.

हे वाचताना मला माझ्या घराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला अक्षर येत नाही, पण श्रावणातल्या कहाण्या आणि जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ आहेत. मला परीक्षेपुरते अर्थशास्त्र येते, पण आजीच्या ओवीतला एखादा जुना शब्द अडतो. मी पुस्तक घेऊन बसले की ती हळूच बाजूला होते, जणू तिचे आणि माझे ज्ञान एका घोंगडीवर बसूच शकत नाही. शिक्षणाने माणूस मोठा होतो हे खरेच. पण त्याच शिक्षणाने तो आपल्याच चुलीपाशी पाहुणा होऊ शकतो, हेही तितकेच खरे. या दुराव्याचा दोष सारा शेनिरर यांनी मुलींना दिला नाही आणि शाळेलाही दिला नाही. घरातले ज्ञान उघडून दाखवणारे कोणी नाही, हेच त्यांच्या मते खरे दुखणे होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि गॅलिशिया प्रांतातील हजारो ज्यू निर्वासित होऊन व्हिएन्नाला गेले. शेनिरर कुटुंबही त्यांत होते. तेथील एका सभास्थानात हनुक्काच्या सणात रब्बी फ्लेश यांचे प्रवचन त्यांच्या कानी पडले. विषय होता यहूदिथ या वीर स्त्रीचा. रब्बी फ्लेश हे जर्मनीतील रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांच्या परंपरेतले. धर्म पाळावा आणि आधुनिक शिक्षणही घ्यावे, असे ही परंपरा मानत असे. स्त्रियांना समोर बसवून कोणी त्यांच्या इतिहासाचा अर्थ सांगतो आहे, हे साराबाईंना नवे होते. त्यांनी ही प्रवचने मन लावून ऐकली, टिपणे काढली आणि क्राकोवच्या मुलींना हे ऐकवले पाहिजे असा निश्चय केला.

१९१५ साली त्या क्राकोवला परतल्या. आधी त्यांनी मोठ्या मुलींसमोर व्याख्याने दिली. मुली आल्या, ऐकले, काही गालांत हसल्या आणि गेल्या. वयात आलेल्या मुलींची मने आता वळणार नाहीत हे साराबाईंनी ओळखले आणि लहान मुलींपासून आरंभ करायचे ठरवले. भावाला हे कळवले तेव्हा त्याने सुरुवातीला थट्टा केली, पण पुढे तोच त्यांना बेल्झच्या रेब्बेंकडे घेऊन गेला. रेब्बे मोजकेच बोलले, पण त्यांनी यशाचा आशीर्वाद दिला. पंथातील माणसांच्या दृष्टीने ही परवानगी मोठी होती. तिच्यावाचून कोणत्याही बापाने मुलगी पाठवली नसती.

मग १९१७ साली ती शाळा भरली. शाळेचे नाव पुढे बेस याकोव, म्हणजे याकोबाचे घर, असे पडले. हे नाव सहज सुचलेले नाही. सिनाय पर्वतावर तोरा देण्यापूर्वी देवाने मोशेला याकोबाच्या घराण्याशी बोलायला सांगितले असा उल्लेख निर्गम ग्रंथात आहे, आणि जुन्या भाष्यकारांनी याकोबाचे घराणे या शब्दांचा अर्थ स्त्रिया असा केला आहे. म्हणजे तोरा आधी बायकांना सांगितली गेली. ज्या ग्रंथाच्या नावाने मुलींना दूर ठेवले जात होते, त्याच ग्रंथातून साराबाईंनी मुलींचा अधिकार शोधून काढला. त्यांनी परंपरेशी भांडण केले नाही; परंपरेचेच पान उघडून समोर ठेवले.

त्यांच्या शिकवण्यात रुक्षपणा नव्हता. प्रार्थनेतला शब्द आला की त्याचा यिडिश अर्थ, मग त्यामागची गोष्ट, मग तो आज आपल्या वागण्यात कसा येतो, हे त्या सांगत. मुलींना घेऊन त्या डोंगरात, रानात सहलीला जात. तेथे गाणी होत, फेर धरून नाच होत. हा हसीदी घरातला आनंद होता. आजवर तो पुरुषांच्या बैठकीत कोंडलेला होता. मुलींनी सणासुदीला करावीत म्हणून त्यांनी नाटुकलीही लिहिली. तरुणपणी नाट्यगृहात पाहिलेले अशा रीतीने कामी आले.

शाळेची कीर्ती पसरली आणि गावोगावहून मागणी येऊ लागली. शिक्षिका आणायच्या कोठून? साराबाईंनी आपल्या मोठ्या विद्यार्थिनींनाच तयार केले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी घेऊन त्या परगावी जात, पालकांची सभा घेत, शाळा सुरू करून देत आणि त्या मुलीला तेथे ठेवून परत येत. पुढे अगुदात इस्राएल या धर्मनिष्ठांच्या संघटनेने हे काम आपलेसे केले. याच संघटनेच्या १९२३ सालच्या व्हिएन्ना अधिवेशनात रब्बी मेइर शापिरो यांनी जगभरच्या ज्यूंनी तालमूदचे एकच पान रोज वाचावे अशी योजना मांडली. रोजच्या अध्ययनाची ओढ त्या काळात किती होती, हे यावरून दिसते. जर्मनीहून डॉ. लिओ डॉइचलेंडर आले. त्यांनी अभ्यासक्रम आखला, निधी उभारला. फ्रँकफुर्टची यूडिथ रोझेनबाउम ही सुशिक्षित तरुणी शिकवायला आली. क्राकोवमध्ये शिक्षिकांसाठी अध्यापनशाळा निघाली आणि तिला १९३१ च्या सुमारास स्वतःची मोठी इमारत मिळाली. विरोध होतच होता. परंतु खोफेत्झ खाइम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वयोवृद्ध रब्बींनी १९३३ साली या शाळांना पत्राने पाठिंबा दिला. पूर्वी घरच्या वळणावर मुली धर्म शिकत, आता ते वळण उरलेले नाही, म्हणून मुलींना शिकवणे हेच पुण्यकर्म, असा त्यांचा आशय होता.

साराबाईंचे खाजगी आयुष्य सुखाचे गेले नाही. १९१० साली झालेले लग्न टिकले नाही, घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले. १ मार्च १९३५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या एकावन्न वर्षांच्या होत्या. त्या वेळी शाळांतील मुलींची संख्या तीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतर चारच वर्षांनी हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. शाळा बंद पडल्या; असंख्य शिक्षिका आणि मुली छळछावण्यांत मारल्या गेल्या. ज्या दफनभूमीत साराबाईंना पुरले होते तिच्यावरच नाझींनी प्लाशोव छावणी उभारली आणि थडगे नष्ट झाले. आज तेथे नव्याने बसवलेला एक स्मृतिशिलालेख आहे. पण वाचलेल्या विद्यार्थिनींनी शाळा पुन्हा उभ्या केल्या. आज इस्राएल, अमेरिका, युरोप येथे बेस याकोव नावाच्या शाळांतून असंख्य मुली शिकत आहेत.

एक प्रश्न मात्र मनात राहतो आणि तो लपवणे मला बरोबर वाटत नाही. साराबाईंनी मुलींसाठी दार उघडले, पण ते पूर्ण उघडले का? तालमूद त्यांनी शिकवला नाही, आणि आजही बहुतेक बेस याकोव शाळांत मुलींना तो शिकवत नाहीत. घर आणि संसार हेच स्त्रीचे क्षेत्र, ही चौकट त्यांनी मोडली नाही. त्यांना क्रांतिकारक म्हणावे की परंपरेच्या राखणदार? मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्या दोन्ही होत्या, आणि हे त्यांना स्वतःला विसंगत वाटत नसावे. परंपरा राखायची तर ती मुलींना समजलीच पाहिजे, एवढे एकच सूत्र त्यांनी धरले. पण समजू लागलेली मुलगी प्रश्न विचारू लागते. एकदा ग्रंथ हातात दिला की पुढचे पान उलटायचे की नाही, हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. आज ज्यू समाजातील कितीतरी स्त्रिया इतर संस्थांमधून तालमूदचाही अभ्यास करतात.

आपण कला शाखेचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडू तेव्हा आपल्यापैकी काहीजण शिक्षक होतील. तेव्हा सारा शेनिरर यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विद्वान झाल्यावर शिकवू, असे म्हणत त्या थांबल्या नाहीत. जे थोडे कळले होते ते त्यांनी रोज थोडे थोडे, समोर बसलेल्या मुलीला कळेल अशा भाषेत सांगितले. शिलाईचे गिऱ्हाईक ज्या खोलीत माप द्यायला येई त्याच खोलीत हे घडले. त्यासाठी दुसरी इमारत त्यांनी मागितली नाही.