रिळामागची सरस्वती

मुलांच्या हातात मोबाईल आले आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नुसता नाच करण्यापेक्षा गाण्याचा व्हिडिओ करून दाखवायची हौस वाढली. आमची परभणीही त्याला अपवाद नाही. माझ्या भाचीच्या गटाने जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ करायचं ठरवलं. विषय तर छानच, जनाबाईचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं! पण त्यांच्या गप्पांत सगळा जोर शूटिंगवर होता. तुकडे कसे जोडायचे ते नंतर लॅपटॉपवर बघू, असं सगळ्यांचं मत. मला मात्र दादासाहेब फाळके आठवले. हा माणूस जोडणी आधी डोक्यात करायचा आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा.

आपली गोदामाय जिथे उगम पावते, त्या त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, अगदी जादूचे प्रयोगसुद्धा! गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, तर प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे १९०२ मध्ये करंदीकरांच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं. ती या घरात सरस्वती झाली. वयाने नवऱ्यापेक्षा कितीतरी लहान.

छापखान्याचा जम बसला, पण भागीदारांशी पटलं नाही, तोही सुटला. चाळिशी उलटलेली, हाताला काम नाही. अशात १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसू लागले. मग रोज सिनेमे पाहायचे, रात्री घरी भिंतीवर रिळं चालवून बघायची. इतकं, की काही काळ दृष्टी गेली. औषधपाण्याने ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, धंदा समजून घेतला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला.

आता पैसे कोण देणार? इथेच त्यांची खरी हुशारी दिसते. दादरच्या घरी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज ठरल्या वेळी कॅमेऱ्याने त्याचं एकच चित्र घेतलं. महिनाभराहून अधिक दिवस हे चाललं. रीळ चालवल्यावर दाणा फुटून वेल डोळ्यांदेखत वाढताना दिसला. ते पाहून सावकाराची खात्री पटली, कर्ज मिळालं. दोन चित्रांच्या मधला अख्खा दिवस गाळायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. संकलन म्हणतात ते यालाच. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, याचा निर्णय.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पण पडद्यामागे एक बाई होतीच. कच्ची फिल्म यायची ती कोरी. कडांना भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालायची नाही, आणि हे काम अंधारातच करावं लागे. सरस्वतीबाई ते शिकल्या. रसायनं कालवली, फिल्म धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला. रिळाचे तुकडे जोडण्यातही त्यांचा हात होता. शिवाय कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक! दागिनेही याच कामी गेले.

त्यानंतर १९१७ चा 'लंकादहन', १९१९ चा 'कालिया मर्दन'. त्यात त्यांची चिमुकली लेक मंदाकिनी कृष्ण झाली. देव प्रकट व्हायचे, गुप्त व्हायचे. युक्ती घरगुतीच बघा. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, थांबवायचा. एकाने बाजूला व्हायचं, बाकीच्यांनी तसंच उभं राहायचं, पुन्हा कॅमेरा सुरू. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक छोटा पटही त्यांनी १९१७ मध्ये काढला. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे आणि त्यात फाळके स्वतः फिल्म तपासताना दिसतात.

हे सगळं मी भाचीच्या गटाला सांगितलं आणि आम्ही वही घेऊन बसलो. आधी ओवी घरातच नीट रेकॉर्ड केली. मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात ओवीची ओळ, दुसऱ्यात ती किती सेकंदांची, तिसऱ्यात त्या वेळी पडद्यावर काय दिसणार. जात्याचा फेरा हाच ताल. मग कट कुठे करायचा? फेरा पुरा झाला की. जात्याचा खुंटा फिरता फिरता शिलाई मशीनचं चाक दिसेल, म्हणजे आजीवरून नातीवर येताना झटका बसणार नाही. पण दोन्ही शॉटमध्ये चाक एकाच दिशेने आणि तेवढंच मोठं दिसायला हवं, हे घेतानाच बघायचं. नंतर लॅपटॉपवर ते दुरुस्त करत बसायला नको. प्रत्येक शॉट आधी-नंतर चार सेकंद जास्त घ्यायचा, म्हणजे जोडायला जागा राहते. शूटिंगच्या वेळी तीच ओवी मोबाईलवर लावायची, म्हणजे ओठ जुळतात. आणि ज्वारीचा कोंब वाढताना दाखवायचा असेल तर कुंडी आजच भरायची, मोबाईल रोज त्याच जागी ठेवून फोटो काढायचा. फाळक्यांची वाटाण्याची युक्ती शंभर वर्षांनीही तशीच चालते! त्यांचा कॅमेराही हातानेच फिरवायचा होता, सेकंदाला साधारण दोन फेरे, एका लयीत. दळणाऱ्या बाईला ते वेगळं शिकवावं लागलं नसतं.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंना देशातल्या पहिल्या स्त्री संकलक म्हणून आता कुठे ओळखू लागलेत.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगावंसं वाटतं. आपल्या मुलींचे गट व्हिडिओ करतात तेव्हा कपडेपट, मेंदी, डबे हे मुलींकडे आणि लॅपटॉप मुलांकडे, अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ देऊ नका. वहीतले ते तीन रकाने मुलीला भरू द्या, तुकडे तिलाच जोडू द्या. आणि शेवटी नावं झळकतील तेव्हा 'संकलन' या शब्दापुढे तिचं पूर्ण नाव आहे ना, तेवढं आठवणीने बघा.