लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

लोखंडी नांगर, उसाचा चरक, विहिरीवरचा पंप या वस्तू आपल्याला काही नवलाच्या नाहीत. पण सव्वाशे वर्षांपूर्वी शेतात लाकडी नांगर आणि विहिरीवर मोट, एवढंच होतं. हे बदलायला ज्यांनी मोठा हातभार लावला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकिकत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढण्याचा आणि यंत्रांचा नाद मात्र भारी. म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथं कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत! झालं, चित्रकार होणं राहिलं. मग ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले, कारण त्यात रंगाचं काम नाही. पुढे मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा दुसऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी सरळ नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

बेळगावात भाऊ रामुअण्णा यांच्याबरोबर त्यांचे सायकलचे दुकान आधीच सुरू झाले होते. किर्लोस्कर कंपनी आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजते ती या दुकानापासूनच. पण सायकल ही त्या काळी श्रीमंतांची चैन. आजूबाजूला वस्ती सगळी शेतकऱ्यांची. त्यांना काय हवं, हे लक्ष्मणराव बघत होते. त्यांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

या नांगराची गोष्ट नीट सांगायला हवी. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथीपालथी करतो. हरळी, कुंदा अशी चिवट तणं मुळासकट वर येतात. (कुंदा म्हणजे काय ते घरी आजोबांना विचारा, ते अजून कपाळाला हात लावतील.) एवढा चांगला नांगर, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. त्यातून त्याला चार-सहा बैल जुंपावे लागत. ज्याच्याकडे तेवढे बैल नाहीत त्यानं पैरा करायचा. दोन वर्षे नांगर पडून राहिले. दुसरा कोणी असता तर भट्टी विझवून पुन्हा सायकली विकत बसला असता. लक्ष्मणराव थांबले. शेतकऱ्याला अडाणी म्हणून त्यांनी हिणवलं नाही. चारदोन जणांनी नांगर घेतला, त्यांच्या रानात पीक बोलू लागलं, आणि हळूहळू मागणी वाढली.

जरा बरे दिवस आले तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठं? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची माळाची जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली लक्ष्मणराव कामगारांची कुटुंबे घेऊन तिथे आले. माळावर निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट. तिथं आधी झाडी तोडून राहण्यापुरत्या झोपड्या उभ्या केल्या. हीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली.

इथली माणसंही पाहण्यासारखी. अनंतराव फळणीकर शाळेत मागे पडलेले, पण कारखान्यात कल्पक इंजिनियर ठरले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमलं, आणि ते भरवशाचे निघाले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. त्या काळात हे सोपं नव्हतं.

१९१४ साली पहिले महायुद्ध लागले. लोखंड, कोळसा, रंग मिळेनासे झाले. जवळपास जे मिळेल त्यावर काम रेटून त्यांनी कारखाना चालू ठेवला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. तोवर नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे अशी शेताला लागणारीच कामे वाढवली होती. मोटेला बैलजोडी आणि माणूस दिवसभर राबतो, हे बघून पाणी उपसायचे पंप आले. १९२६ साली थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनियर होऊन परतले.

१९३० च्या सुमाराला जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्याच खिशात पैसा नाही, तर नांगर घेणार कोण? तेव्हा लक्ष्मणरावांनी लोखंडी फर्निचर करायला घेतलं. तेच लोखंड, तेच कामगार, गिऱ्हाईक तेवढं वेगळं! मंदीतही हातांना काम राहिलं. आम्हाला नांगराच्या खालोखाल हीच त्यांची हुशारी वाटते. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे इथे वेगवेगळ्या कामांचे नवे कारखाने निघाले.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दंगल उसळली, तिची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. उभं आयुष्य घालून उभारलेलं जळालं, त्यांना काय वाटलं असेल? पण राख काढून कारखाना पुन्हा सुरू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्या माळावर आजही पंप तयार होतात. आणि ज्या कुंडल रोड स्टेशनवर ते सामान घेऊन उतरले, त्या स्टेशनची पाटी आता किर्लोस्करवाडी अशी आहे.