बॅ. नाथ पै : खासदार कोकणचे, आवाज सीमाभागाचा

बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या मराठी घरांत बॅ. नाथ पै यांची ओळख करून द्यावी लागत नाही. नव्या पिढीला मात्र ते बहुधा चौकाच्या नावापुरतेच माहीत असतात. त्यांची जयंती २५ सप्टेंबरला, म्हणजे गणेशोत्सवाच्या आगेमागेच येते. त्यानिमित्त त्यांच्या संसदीय कारकिर्दीची ही उजळणी.

नाथ पै यांचा जन्म १९२२ साली वेंगुर्ल्यात झाला. शिक्षणासाठी ते बेळगावात आले आणि या गावाशी त्यांचे नाते कायमचे जडले. १९४२ च्या चळवळीत उडी घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे विलायतेत ते बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते १९५४ ते १९६० अध्यक्ष होते. परदेशात मोठे होण्याची वाट मोकळी असूनही ते मायदेशी परतले.

१९५७ साली प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ सालीही कोकणी मतदाराने त्यांनाच निवडून दिले. कोकणात रेल्वे यावी म्हणून त्यांनी दिल्लीत सतत पाठपुरावा केला. १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी पगार आणि महागाई भत्त्यासाठी संप केला, सरकारने तो बेकायदा ठरवला. तेव्हा नाथ पै कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. आम्हा सरकारी नोकरांना याचे मोल अधिक वाटते.

त्यांचे सर्वात गाजलेले काम म्हणजे १९६७ चे घटनादुरुस्ती विधेयक. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही असा निकाल दिला. जनतेने निवडलेल्या संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार असलाच पाहिजे, ही नाथ पै यांची भूमिका. ते विरोधी बाकावरचे एक खासदार, विधेयकही खासगी. तरीही देशभर त्यावर चर्चा झाली. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. परंतु १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेकडे परत आला.

सीमाप्रश्नाकडेही ते याच नजरेने पाहत. लोकांचा कौल मोठा, असे ते मानत. महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी, पण बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, अशी शिफारस केली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. येथे त्यांना मते मागायची नव्हती, त्यांचा मतदारसंघ घाटाखाली होता. तरी आमचे गाऱ्हाणे त्यांनी आपले मानले. मात्र भाषेचा अभिमान बाळगताना कानडी शेजाऱ्याचा द्वेष त्यांनी कधी शिकवला नाही. सनदशीर मार्ग त्यांनी सोडला नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

१७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी १९७१ साली त्याच दिवशी ते बेळगावात आले. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते सभेत बोलले. त्याच रात्री हृदयविकाराने त्यांना गाठले आणि १८ जानेवारीला बेळगावातच त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ४८. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. पुढे राजापूरची जागा प्रा. मधू दंडवते यांनी दीर्घकाळ सांभाळली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

सीमाप्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दरवर्षी १७ जानेवारीला आम्ही हुतात्म्यांना फुले वाहतो. त्यानंतरचा दिवस नाथ पै यांचा, हेही आपल्या मुलांना सांगत राहू या. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.