आभाळ मोजणाऱ्या ॲना मणी

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या येडशी परिसरात दुपारपर्यंत कडक ऊन असते. दुपार कलली की रामलिंगच्या डोंगरावर काळे ढग चढतात. वावटळ सुटते, विजा कडाडतात आणि वळवाचा पाऊस कोसळतो. कधी गाराही पडतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. हातातोंडाशी आलेली पिके मातीमोल झाली. असे वादळ येणार हे आधी कळले, तर शेतकरी धान्याची रास झाकून ठेवील आणि गुराखी झाडाचा आसरा सोडून घर गाठील.

पण आधी कळणार कसे? खालची हवा गरम व दमट असली आणि वरची हवा थंड असली, की खालची हवा वेगाने वर चढते व गडगडाटी ढग तयार होतात. म्हणून जमिनीवरची हवा मोजावी लागते, तशीच कित्येक किलोमीटर उंचावरची हवाही मोजावी लागते. ही मोजणी भरवशाची व्हावी यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञ म्हणजे ॲना मणी.

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळमधील पीरमेड येथे झाला. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील इंजिनिअर होते व त्यांचे वेलदोड्याचे मळे होते. मुलांनी शिकून मोठे व्हावे आणि मुलींनी संसार करावा, अशी त्या घरची रीत होती. ॲनाला मात्र पुस्तकांचे वेड होते. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी तिला रिवाजाप्रमाणे हिऱ्यांची कर्णफुले देऊ केली. तिने ती नाकारली आणि त्याऐवजी ज्ञानकोश मागितला! गांधीजींच्या विचारांचा प्रभाव पडून तिने खादी वापरायला सुरुवात केली.

१९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. पुढे बंगलोरला नोबेल पारितोषिक विजेते डॉ. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना संशोधनाची संधी मिळाली. विशेष असे, की ज्या हिऱ्यांना लहानपणी त्यांनी नकार दिला होता, त्याच हिऱ्यांचा त्यांना तेथे अभ्यास करावा लागला. त्या तासन्‌तास प्रयोगशाळेत बसत. त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. एवढ्याच कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. दुसरे कोणी असते तर खचून गेले असते. ॲना मणी यांनी मात्र काम सोडले नाही.

१९४५ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनला गेल्या. त्यांना पदार्थविज्ञान शिकायचे होते. पण जागा मिळाली ती हवामान मोजणाऱ्या उपकरणांच्या अभ्यासाची. तीच त्यांच्या आयुष्याची वाट ठरली. १९४८ साली त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या.

त्या काळी आपल्या देशाला बहुतेक उपकरणे परदेशातून आणावी लागत. ती येथेच तयार व्हावीत, अशी ॲना मणी यांची जिद्द होती. १९५३ साली त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले आणि त्यांचे उत्पादन सुरू करून दिले.

रेडिओसोंड या उपकरणावरही त्यांनी काम केले. ही एक लहानशी पेटी असते. फुग्याला बांधून ती आकाशात सोडतात. वर जाताना ती हवेचे तापमान, दाब व आर्द्रता मोजते आणि रेडिओ लहरींनी खाली कळवते. सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो. जगभर असे फुगे एकाच ठरलेल्या वेळी सोडतात. आपल्याकडे ती वेळ पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमाराची. या सर्व नोंदी एकत्र केल्या, की वादळाला पोषक हवा कोठे आहे ते कळते.

पण समजा, नागपूरचे उपकरण एक अंश जास्त दाखवते आणि मुंबईचे एक अंश कमी. मग नकाशा खोटा ठरेल आणि अंदाजही चुकेल. म्हणूनच चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्या मानत. प्रत्येक उपकरण तपासून घेण्याबाबत त्या अतिशय कडक होत्या.

१९५७-५८ साली त्यांनी देशात सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे उभारली. पुढे ओझोन वायू मोजणारे भारतीय उपकरणही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. १९७६ साली त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही सौर व पवन ऊर्जेवरील त्यांचे काम चालूच राहिले. त्या अविवाहित राहिल्या. स्त्री असून एवढे केले, असे कौतुक त्यांना आवडत नसे; कामाकडे काम म्हणूनच पाहावे, असे त्यांना वाटे.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. पीएच.डी. त्यांना कधीच मिळाली नाही. पण २०१८ साली त्यांच्या जन्मशताब्दीला जागतिक हवामान संघटनेने त्यांचे स्मरण केले. आज वादळाचा इशारा आपल्याला घरबसल्या मोबाइलवर मिळतो. त्या इशाऱ्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. त्यांत पदवी नाकारली गेली तरी आपले मोजमाप चोख ठेवणाऱ्या या शास्त्रज्ञ बाईंचेही कष्ट आहेत.