टेलिफोन कंपनीतले जेन्सन

इंजिनिअरिंगला असताना प्रोबॅबिलिटीच्या पेपरात जेन्सन्स इनइक्वॅलिटी हमखास यायची. आम्ही ती पाठ केली, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. जेन्सन म्हणजे कुणीतरी पांढऱ्या दाढीचे प्रोफेसर असणार, सकाळी विद्यापीठात शिकवत असतील आणि दुपारी प्रमेयं मांडत असतील, अशी माझी समजूत होती. बऱ्याच वर्षांनी कळलं की हा माणूस आयुष्यात कधी प्रोफेसर नव्हताच. ते टेलिफोन कंपनीत नोकरी करत होते. थोडीथोडकी नव्हे, तब्बल 43 वर्षं!

हे वाचलं आणि खरं सांगायचं तर मला जरा ओशाळल्यासारखं झालं. नोकरीच्या धबडग्यात अभ्यासाला वेळ कुठे मिळतो, ही माझी अगदी तोंडपाठ सबब. म्हटलं, या गृहस्थांनी हे जमवलं तरी कसं, ते बघूया.

योहान लुडविग विल्यम वाल्देमार जेन्सन यांचा जन्म 8 मे 1859 रोजी डेन्मार्कमधल्या नाकस्कोव्ह या गावी झाला. (डॅनिश लोक येन्सन म्हणतात, पण आपल्याला कॉलेजपासून जेन्सन सवयीचं आहे, तेच ठेवतो.) वडील शिकलेले, पण पैशाच्या बाबतीत नशीब फारसं चांगलं नव्हतं. एक व्यवहार फसला आणि कुटुंबाला स्वीडनच्या उत्तर भागात जावं लागलं. तिथे वडील एका इस्टेटीची व्यवस्था बघत. आपल्यासारखंच पोटासाठी परदेशी जाणं म्हणायचं! गंमत म्हणजे, त्या थंडगार मुलखात गेलेली लहानपणीची वर्षं आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची होती, असं जेन्सन पुढेही मानत.

काही वर्षांनी कुटुंब डेन्मार्कला परतलं. 1876 साली, म्हणजे ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं त्याच वर्षी, 17 वर्षांचे जेन्सन कोपनहेगनच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाले. तिथे गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र असं सगळंच शिकले, पण मन रमलं गणितात. विद्यार्थी असतानाच त्यांचे पहिले लेख छापून आले. वरच्या दर्जाचं गणित मात्र ते बहुतांशी स्वतःच पुस्तकं वाचून शिकले.

पण पोटाचं काय? 1881 मध्ये त्यांनी बेल टेलिफोन कंपनीच्या कोपनहेगन शाखेत साहाय्यकाची नोकरी धरली. पुढच्याच वर्षी तिची कोपनहेगन टेलिफोन कंपनी झाली. त्या काळात टेलिफोन म्हणजे अगदी नवी टेक्नॉलॉजी, आपल्याकडे 1990 च्या दशकात इंटरनेट होतं तशी. जेन्सन त्यात मुरले आणि 1890 साली तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले. कोपनहेगनची टेलिफोन यंत्रणा लवकरच उत्तम दर्जाची झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ऑफिसात अंग चोरून घरी गणित करणाऱ्यातले ते नव्हते बरं का! नोकरीही चोख आणि उरलेला वेळ गणिताला. शिवाय 1892 ते 1903 अशी 11 वर्षं डॅनिश गणित मंडळाचे अध्यक्षही. मंडळाचं काम म्हणजे काय असतं, हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको!

1899 साली त्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केलं, ते आज जेन्सनचं सूत्र म्हणून ओळखलं जातं. रीमानचं सुप्रसिद्ध गृहीतक आपण यातून सिद्ध करू शकू, अशी त्यांना आशा होती. ते काही झालं नाही. ते गृहीतक आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पण सूत्र वाया गेलं नाही. 1920 च्या दशकात फिनलंडच्या नेव्हानलिना यांनी त्याच पायावर एक मोठी उपपत्ती उभी केली.

आता ज्यामुळे त्यांचं नाव आपल्यापर्यंत पोचलं त्याकडे वळू. जानेवारी 1905 मध्ये जेन्सन यांनी गणित मंडळात कॉन्व्हेक्स फंक्शनवर, म्हणजे मराठीत बहिर्वक्र फलावर, व्याख्यान दिलं. 1906 मध्ये तो विषय फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. यातलं मर्म समजायला दिवाळीचंच उदाहरण घेऊ.

समजा, दोन चौकोनी रांगोळ्या काढायच्यात. एकीची बाजू 2 फूट, दुसरीची 8 फूट. सरासरी बाजू 5 फूट. कुणी हुशारी करून 5 फुटांच्या दोन रांगोळ्यांचा हिशेब केला, तर 25 अधिक 25, म्हणजे 50 चौरस फुटांचे रंग येतील. प्रत्यक्षात लागणार 4 अधिक 64, म्हणजे 68 चौरस फुटांचे. रंग कमी पडणार! कारण बाजूचा वर्ग करणं हे बहिर्वक्र फल आहे. त्याचा आलेख दोन टोकांना धरलेल्या दोरीसारखा मध्ये झुकतो आणि टोकं जोडणारी सरळ रेषा त्याच्या वर राहते. अशा वेळी आधी सरासरी काढून मग फल लावलं, तर उत्तर कधीच जास्त येत नाही. बहुतेक वेळा कमीच येतं. हीच जेन्सनची असमानता.

याच्या जवळपासचं काही जर्मनीच्या होल्डर यांनी 1889 मध्ये दाखवलं होतं, पण त्यांना फलाचं दोनदा डेरिव्हेटिव्ह घेता येणं गरजेचं होतं. जेन्सन यांनी फक्त दोन बिंदू आणि त्यांचा मध्य, एवढ्यावरून सुरुवात केली. वाढतं फल, धन फल या कल्पना जितक्या मूलभूत तितकीच हीही आहे, असं त्यांचं मत होतं. ते खरं ठरलं.

दोन बिंदूंऐवजी मधला सगळा पट्टा घेतला तर? 2 पासून 8 पर्यंत सगळ्या संख्यांच्या वर्गांची सरासरी इंटिग्रेशनने 28 येते. मध्यावरचे 25 आणि टोकांच्या सरासरीचे 34 यांच्या दरम्यान! फ्रान्सच्या हर्मिट आणि हादामार यांच्या नावाने ही असमानता ओळखली जाते. इंटिग्रेशन एकदा, दोनदा न करता अर्ध्यांदा करता येईल का, असा अफलातून प्रश्न लिउव्हिल आणि रीमान यांनी एकोणिसाव्या शतकात हाताळला होता. जुन्या ताणाची आठवण ठेवणाऱ्या रबरासारख्या पदार्थांच्या अभ्यासात असं अपूर्णांकी इंटिग्रेशन वापरतात. 2013 मध्ये तुर्कस्तानच्या गणितज्ञांनी दाखवलं की त्यातही बहिर्वक्र फलाला खालची आणि वरची अशी दोन्ही कुंपणं राहतात. आपल्या मराठवाडा विद्यापीठातले प्रा. बी. जी. पाचपट्टे यांनीही असमानतांवर आयुष्यभर काम केलं. 2005 साली आलेला त्यांचा ग्रंथ जगभरचे अभ्यासक वापरतात.

जेन्सन यांचं आणखी एक काम मला तितकंच मोठं वाटतं. गणित मंडळाच्या सभांना एर्लांग नावाचे एक शाळामास्तर यायचे. जेन्सन यांनी त्यांची गाठ आपल्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांशी घालून दिली. 1908 मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाले आणि एक्स्चेंजवर किती कॉल येतील, किती लोक ताटकळतील, याचं गणित त्यांनी मांडलं. रांगेच्या शास्त्राची ही सुरुवात. आज टेलिफोनची वाहतूक एर्लांग याच एककात मोजतात.

आणि या रांगेतही जेन्सन आहेतच! नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा दिवसभराच्या सरासरी लोडवर सर्व्हरचा अंदाज दिला. कागदावर सगळं छान. सकाळी 9 वाजता सगळे एकदम लॉगिन झाले आणि सिस्टिम बसली. अगदी साध्या, एका खिडकीच्या रांगेचं गणित सांगतो. 50 टक्के लोडला तिथे सरासरी 1 माणूस असतो, 90 टक्क्यांना 9, म्हणजे दोन्हींची सरासरी 5. पण 70 टक्के हा सरासरी लोड धरला तर उत्तर येतं जेमतेम 2.3. पाठ केलेली असमानता मला तेव्हा पहिल्यांदा समजली, तीही बोलणी खाल्ल्यावर.

जेन्सन 1924 साली निवृत्त झाले आणि 5 मार्च 1925 रोजी कोपनहेगनमध्ये वारले. निवृत्तीनंतर निवांत गणित करू, असं त्यांनी ठरवलं असतं तर हाती जेमतेम एक वर्ष लागलं असतं. आज मशीन लर्निंगच्या कितीतरी सिद्धतांमध्ये त्यांची असमानता पहिल्या काही ओळींतच भेटते.

मी काही जेन्सन होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण रात्री मुलं झोपल्यावर अर्धा तास का होईना, जुनं गणिताचं पुस्तक उघडतो. आणि हो, मंडळी, यंदा रांगोळीचे रंग आणायला जाल तेव्हा सरासरीवर जाऊ नका!